भोकं नसलेला बॅनर

पोलीस स्टेशनमधून फोन आला तेव्हा मी एका भावी नगरसेवकांच्या गालावरचा मस घालवत होते.

कॉम्प्युटरवर. जालन्यात माझं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, जयंती, दशक्रिया, जे असेल ते छापते. माझं माहेर धावड्याचं, तिथून टायपिंग शिकायला म्हणून शहरात आले आणि टायपिंगवरून डिझाइनवर घसरले. आता या भागातला एकही पुढारी माझ्या हाताखालून गोरा झाल्याशिवाय चौकात जात नाही.

"मॅडम, तुमचा शिडीवाला आमच्याकडं बसलाय," पीआय साहेब म्हणाले. "अल्ताफ. जरा येऊन जा. जल्दी."

"काय केलं त्यांनी?"

"त्यांनी काय केलं ते नंतर बघू. पब्लिक काय करणार आहे ते आधी बघायचंय."

मी मस अर्धवट सोडून निघाले.

चौकातून जाताना कळलं. अण्णांचा भला मोठा बॅनर रात्री फाटला होता. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तिरपी, सलग चीर. अर्धे अण्णा वाऱ्यावर लोंबत होते आणि खाली पन्नासेक पोरं मोबाइल वर धरून त्यांचं शूटिंग घेत होती.

हा बॅनर कसा झाला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

अण्णा म्हणजे आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक. निवडणूक जाहीर व्हायची होती, पण भावी व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यांच्यासमोर उभे राहणार होते रऊफसेठ, तेही भावी. मागच्या खेपेपर्यंत दोघांचे वॉर्ड वेगळे होते, दोघांची दोस्ती होती, आणि दिवाळी-ईदच्या शुभेच्छा एकाच बॅनरवर निघायच्या. मग प्रभागरचना बदलली. अण्णांची गल्ली आणि रऊफसेठचा मोहल्ला एकाच प्रभागात आले. दोस्ती संपली. दोघांनी मला तोच जुना एकत्र फोटो दिला आणि त्यातून आपापला अर्धा कापून मागितला. कापल्यावर अण्णांच्या खांद्यावर रऊफसेठची चार बोटं उरली होती. ती मी खोडली.

आता या प्रभागात नळाला पाणी कधी येतं हे देवाला माहीत. दोन्हीकडच्या बाया एकाच टँकरमागं पळतात. त्यामुळं पाण्यावर मतं मागायला दोघंही घाबरतात. मागितली तर कुणीतरी विचारेल, इतकी वर्षं काय करत होतात? मग उरतं काय? तू आपला आणि तो परका. मतांचा गठ्ठा बांधायला दोरी लागते, आणि भीतीइतकी स्वस्त दोरी बाजारात दुसरी नाही.

अण्णांनी चौकात सगळ्यात मोठा बॅनर सांगितला. वर अण्णा, त्यांच्या डोक्यावर त्यांचे चार वरिष्ठ, आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक म्हणजे गल्लीतली पोरं. पासपोर्टएवढे चेहरे, ओळीवर ओळ, कडेपर्यंत. बोट ठेवायला जागा नव्हती.

"अण्णा, भोकं कुठं पाडायची?" मी विचारलं होतं.

आमच्या धंद्यात मोठ्या बॅनरला भोकं पाडावी लागतात. कटरनं अर्धगोल काप द्यायचा. कापलेला तुकडा पूर्ण सुटत नाही, पदरासारखा लोंबतो. वारा आला की उघडतो, गेला की मिटतो. वारा आरपार निघून जातो आणि बॅनर शाबूत राहतो. भोकं नसली की बॅनर वाऱ्याला अडवतो, आणि वाऱ्याला अडवून आजपर्यंत कुणाचं भलं झालेलं नाही.

"भोक?" अण्णा दचकले. "माझ्या तोंडाला?"

"तुमच्या नको. खाली एखाद्या शुभेच्छुकाच्या..."

तेवढ्यात त्यांच्या मागं उभी असलेली पोरं खवळली. "आमचं तोंड काय कापायला हाय का?"

"अण्णा, वारा मोठाय. फाटेल."

"न्हाई फाटत. जाड कपडा लावा. खर्चा होऊ द्या. पण एकबी भोक नको."

गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. मी छापलं. अल्ताफभाईंनी चढवलं. उतरल्यावर वर बघून एवढंच म्हणाले, "ताई, ये टिकनेवाला नहीं."

त्याच दिवशी त्यांनी समोरच्या बाजूला रऊफसेठचा बॅनर लावला. रऊफसेठना आपल्या बॅनरवर दुसऱ्याचा चेहरा खपत नाही. डावीकडं एकटे स्वतः आणि बाकी सगळं निळं आभाळ. आभाळात अल्ताफभाईंनी शिडीवर उभं राहून कटरनं छान ओळीनं भोकं पाडली. ती पाडताना चौकातल्या चहावाल्यापासून सगळ्यांनी त्यांना पाहिलं. रात्री वावधान, म्हणजे वादळी वारं सुटलं आणि अण्णांचा बॅनर फाटला. रऊफसेठ आपल्या आभाळासकट ठणठणीत राहिले.

झालं. सकाळी सगळ्या ग्रुपवर दोन फोटो फिरत होते. एकात फाटलेले अण्णा, दुसऱ्यात शिडीवर कटर घेतलेले अल्ताफभाई. खाली एकच ओळ: वाऱ्यानं फाटला म्हणता, तर मग समोरचा का नाही फाटला?

मी आजवर बरेच युक्तिवाद ऐकलेत. इतका चोख आणि इतका चूक दुसरा ऐकला नाही.

पोलीस स्टेशनात अल्ताफभाई बाकड्यावर बसले होते. पन्नाशीचा माणूस. दोरीचं भेंडोळं मांडीवर तसंच होतं. गेली कितीतरी वर्षं मी छापते आणि ते लावतात. आमच्या समाजाच्या जयंतीची कमान असो नाहीतर कुणाच्या सत्यनारायणाचा बोर्ड, त्यांनी कधी विचारलं नाही की हे कुणाचं.

"घरी फोन केला का?" मी विचारलं.

"बेटीला सांगितलं, दरवाजा लावून बस म्हणून. ताई, माझं घर मोहल्ल्यात शिरतानाच पहिलं हाय."

मी पीआय साहेबांना सगळं समजावलं. भोकं म्हणजे काय, वारा कसा भरतो, समोरचा का वाचला. त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा मागवला.

"मॅडम, मला पटलं. मी साताऱ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा आहे, ताडपत्री मलाही कळते. पण बाहेरच्यांना सांगणार कोण? आरोपी वारा आहे. त्याला मी आणू कुठून?"

"मग अल्ताफभाईंना सोडा."

"सोडला तर बाहेर मारतील. ठेवला तर म्हणतील, बघा, गुन्हा कबूल झाला. संध्याकाळी पाचला मोर्चा मागितलाय. मी चौकापर्यंतच परवानगी दिलीय. पण चौकातून मोहल्ला किती लांब आहे?"

लांब नव्हता. हाकेच्या अंतरावर होता. साहेब पुढं म्हणाले, "आणि तिकडंही गच्च्यांवर विटा चढल्यात. माझी माणसं बघून आलीत."

"मग रऊफसेठना बोलवा."

"बोलावलं. ते म्हणाले, आम्ही शांतताप्रिय आहोत, पण पोरं ऐकत नाहीत. अण्णाही हेच म्हणाले. अगदी हेच शब्द."

मी तिथून थेट अण्णांच्या ऑफिसात गेले. ऑफिस खच्चून भरलं होतं. अण्णांना मी इतकं ताजंतवानं कधी पाहिलं नव्हतं. माणसाचा बॅनर फाटला होता की मुलीचं लग्न जमलं होतं कळेना.

"अण्णा, तुम्हाला माहितीये तो वाऱ्यानं फाटलाय. मी भोकांचं बोलले होते."

अण्णांनी मला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं.

"वंदनाताई, मला काय कळत न्हाई का? पण वाऱ्याचा निषेध करून कोण निवडून आलंय, सांगा बरं. वाऱ्याला मत न्हाई, वाऱ्याची जात न्हाई."

"अल्ताफभाईंची पोर घरात एकटी आहे."

"काय होत न्हाई हो. पोरं दोन घोषणा देतील, येतील परत. गरम झाली की थंड बी होतात." मग खिशातून कागद काढला. "बराबर आलात. निषेधाचा बॅनर पाहिजे. तसाच मोठा. त्याच जागेवर. पाचच्या आत."

मला खूप राग आला. तोंडावर कागद फेकावा असं वाटलं. पण कागद फेकला असता तर त्यांनी शेजारच्या दुकानातून छापून घेतला असता, आणि शेजारचा मुलगा भोकं न विचारता पाडतो. ते मनात आलं आणि माझा राग एकदम निवळला. मी अगदी व्यावसायिक आवाजात विचारलं,

"अण्णा, याला भोकं पाडू?"

"डोकं फिरलंय का ताई? फाडल्याचा निषेध करायचा अन् आपणच भोकं पाडायची? एकबी नको!"

"जशी ऑर्डर," मी म्हणाले.

आता एक गोष्ट सांगते. जालन्यात भर उन्हाळ्यात दुपारी पानही हलत नाही. पण उन्हं कलली की वारा सुटतो. नियमानं सुटतो. म्हणून आम्ही त्या वेळेला शिडी लावत नाही. पुढारी मात्र सभा नेमकी तेव्हाच घेतात, कारण त्याआधी उन्हात कुत्रंसुद्धा येत नाही.

बॅनर मशीनवर चालू होता तेव्हा न्यायला शुभेच्छुकांतला गणेश आला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. आयटीआय झालेला. घरचे मंठ्याकडचे शेतकरी, हा शहरात स्टीलच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागला होता. ठेका बदलला, काम गेलं. डोळे लाल होते. पहिल्या बॅनरची चीर बरोबर त्याच्या फोटोतून गेली होती.

"गणेश, तुला खरं सांगते. तो वाऱ्यानं फाटला."

"ताई, तुम्ही तुमच्या माणसाला वाचवून राह्यल्या."

"मग समोरच्याला भोकं होती, ती बघून ये."

"मला भोकं बघायची न्हाईत." तो मशीनकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "परवा पाव्हणे येणार हायत, मला बघायला. मामानं त्यांला सांगितलं, चौकात पोराचा फोटो हाय, वट हाय पोराची. आता त्यांनी येऊन काय बघायचं? माझं अर्धं तोंड?"

मला त्याची दया आली, हे खरंच सांगते. दोन ठिकाणी नकार आला होता, नोकरी नाही म्हणून. या शहरात त्याची म्हणून एकच जागा होती, पासपोर्टएवढी, आणि ती फाटली होती. अशा माणसाला कुणीही सांगितलं असतं की ती अमक्यानं फाडली, तर त्यानं विश्वास ठेवला असता. कारण वाऱ्याला दगड मारता येत नाही.

"तो अल्ताफ दिसू द्या फक्त," गणेश म्हणाला.

मी रोल बांधून दिला.

"ताई, लावायला आज कोणी न्हाई. आम्हीच बांधतो. घट्ट बांधू का सैल?"

सैल बांधला की बॅनर फडफडतो, पण बऱ्याचदा टिकतो. मी हे त्याला सांगणार होते. जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात मला मोहल्ल्यातलं पहिलं घर आठवलं.

"अण्णांच्या तोंडावर एक सुरकुती दिसायला नको," मी म्हणाले. "मग किती घट्ट ते तू ठरव."

पाच वाजता चौक भरला. मी चहाच्या टपरीमागं उभी होते. दर मिनिटाला झाडाच्या पानांकडं बघत होते. कारण मी काही हवामान खात्यात नाही. वारा नेमका आजच रुसला असता तर मी केलेला शहाणपणा माझ्याजवळच राहिला असता, आणि बाकीच्यांजवळ विटा.

बॅनर ढोलकीसारखा ताणला होता. लाल अक्षरांत "जाहीर निषेध". खाली "बॅनर फाडणाऱ्या समाजकंटकांना अटक झालीच पाहिजे". शेजारी अण्णा, हात जोडलेले, मस नसलेले. खरे अण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून माईकवर बोलत होते. पोरांच्या खिशांना फुगवटे होते. पोलिसांनी मोहल्ल्याच्या तोंडाशी दोरी धरली होती, ती दोरी तोडायला दहा पोरं पुरली असती. पलीकडच्या गच्चीवर डोकी दिसत होती.

"आज बॅनर फाडलाय!" अण्णा गरजले. "उद्या काय फाडतील? आपण गप्प बसायचं का?"

"न्हाई!"

"कोणी फाडला, हे साऱ्या जालन्याला माहीत हाय!"

पोरं पुढं सरकली. गणेश सगळ्यात पुढं होता.

तेव्हा माझ्या गालाला पहिली झुळूक लागली. मग टपरीवरचे कागद उडाले. मग धूळ उठली. बॅनरचं पोट फुगलं. ताणलेल्या दोऱ्या करकरल्या. अण्णांना वाटलं मागं घोषणा चालल्यात, त्यांनी हात वर केला.

वरच्या कोपऱ्यातली दोरी ओवायची रिंग तटकन सुटली आणि संपूर्ण चौकानं तो आवाज ऐकला. फर्रर्र. "जाहीर" एका बाजूला, "निषेध" दुसऱ्या बाजूला. चीर खाली आली, समाजकंटकांमधून गेली, जोडलेल्या हातांमधून गेली आणि जमिनीपर्यंत पोचली. अर्धे अण्णा उडाले ते ट्रॉलीवरच्या अख्ख्या अण्णांच्या डोक्यावर येऊन पडले.

दिवसाउजेडी. शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत. मोबाइल चालू असताना. जवळपास ना शिडी, ना कटर, ना अल्ताफ.

मग गर्दीतल्या कुणा म्हाताऱ्याचा आवाज आला, "पकडा रे त्याला! गेला बघा तिकडं, मोंढ्याकडं!"

कोणीतरी खिक् करून हसलं. मग पलीकडच्या गच्चीवरचे हसले. हसणं थांबवायला कलम नाही. ते वाढतच गेलं.

अण्णा फ्लेक्सखालून बाहेर पडायची धडपड करत होते. तेवढ्यात पीआय साहेबांनी गाडीचा माईक घेतला. आवाजात हसण्याचा लवलेश नव्हता.

"सर्वांनी जागेवर थांबावं. घटना आपल्या समक्ष घडलेली आहे. याचा पंचनामा होईल. पंच म्हणून सह्या करायला आणि कोर्टात तारखांना हजर राहायला माणसं पाहिजेत. जे जे पुढं उभे आहेत, त्यांनी आधार कार्ड घेऊन इकडं यावं."

पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करून पुढं कोर्टात साक्ष देणारा. मी लाठीमार पाहिलाय, अश्रुधूर पाहिलाय. पण गर्दी इतक्या झटपट पांगताना पहिल्यांदाच पाहिली. जो तो शेजाऱ्याला सांगत होता की मी आत्ताच आल्तो, मी काही बघितलं न्हाई. रस्त्यावर खिशातून टाकलेले दगड तेवढे राहिले.

गणेश मात्र तिथंच उभा होता. वर बघत.

त्या रात्री अल्ताफभाई आपल्या घरी जेवले. रऊफसेठनी चौकात पेढे वाटले. बराच आग्रह केला तरी ते कशाचे हे सांगितलं नाही. अण्णांनी पत्रक काढलं की निकृष्ट फ्लेक्स पुरवून आपल्याला बदनाम करण्याचा डाव होता. ते पत्रकही माझ्याकडंच छापायला आलं. मी छापलं.

पुढच्या आठवड्यात अण्णा नव्या बॅनरला आले. झाल्या गोष्टीचा दोघांनीही उल्लेख केला नाही.

"ताई, या टायमाला भोकं पाडा. पाहिजे तेवढी."

"जागा कुठंय अण्णा?"

अण्णांनी स्क्रीनवर खालच्या ओळींवरून बोट फिरवलं. "हे काढून टाका."

खालच्या ओळी म्हणजे पोरं. मी काढली.

गणेश दुकानात आला तेव्हा बॅनर जमिनीवर पसरलेला होता. तो वाकून शोधत राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"ताई, मी कुठंय?"

"हवा जायला जागा पाहिजे म्हणून काढलंय. अण्णांनी सांगितलं."

तो उकिडवा बसला. "दगड आम्ही उचलल्ते," तो म्हणाला, "अन् जागा बी आमचीच गेली?"

दारात अल्ताफभाई दोरी गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गणेशनं त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली.

"भाई, त्या दिवशी मी..."

"वो बाद में. गुडघा दुखून राह्यला माझा, आज वर चढणं होत न्हाई. चल, शिडी उचल."

मीही मागोमाग चौकात गेले. अल्ताफभाईंनी खालून शिडी धरली, गणेश वर चढला. बांधून झाल्यावर अल्ताफभाईंनी त्याला कटर दिला. गणेशनं वरून विचारलं, "ताई, भोकं कुठं मारू? खाली, मोकळ्या जागेत?"

मोकळी जागा म्हणजे जिथं आठवड्यापूर्वी त्याचं तोंड होतं ती.

"खाली कशाला?" मी म्हणाले. "वारा वर जास्त असतो. वर मार."

वर फक्त अण्णा आणि त्यांचे वरिष्ठ होते. गणेशनं एकदा माझ्याकडं बघितलं. अल्ताफभाई शिडी धरून गंभीर चेहऱ्यानं समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते. मग गणेशनं व्यवस्थित, धंद्यातल्या माणसासारखे, अर्धगोल काप द्यायला सुरुवात केली.

गणेशला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचं अजून काही ठरलेलं नाही. बॅनर मात्र चौकात आहे. संध्याकाळी वारा सुटला की अण्णांच्या कपाळावर एक झडप उघडते आणि मिटते. इतके वारे आले, पण तो फाटलेला नाही.